नांगराची निशाणी ते अंगठा : सुप्याच्या राखेतून घडलेला सहीचा कायदा

१/
बुधवार, १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेत आसपासच्या गावांतील कुणबी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला चढवला. त्यांची मुख्य मागणी एकच होती, ती म्हणजे कर्जरोखे आणि खतावण्या. हाती आलेले कागद भर रस्त्यात जाळण्यात आले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. ज्या कागदांवर आपल्याच निशाण्या होत्या, ते कागद लोकांनी का जाळले? त्या राखेतून सहीविषयीचा कोणता नियम जन्माला आला? हा धागा त्याविषयी.

२/
प्रथम शब्दाकडे पाहू. ‘सही’ हा शब्द अरबी ‘सहीह’वरून आला. त्याचा अर्थ खरे, बरोबर. आजही आपण हुबेहूब या अर्थी ‘सहीसही’ म्हणतो. म्हणजे कागदावर सही करणारा मनुष्य मुळात एवढेच सांगत असतो की, वर लिहिलेले बरोबर आहे. ‘दस्तखत’ म्हणजे हाताचे लिखाण, ‘स्वाक्षरी’ म्हणजे स्वतःचे अक्षर. हे दोन शब्द हात कोणाचा ते सांगतात. ‘सही’ हा शब्द मात्र मजकुराची ग्वाही देतो. पुढील सारा इतिहास या दोन अर्थांमधील अंतराचा आहे.

३/
मराठेशाहीत राजा आज्ञापत्रावर नावाची सही करीत नसे. पत्राच्या शिरोभागी मुद्रा उमटे आणि मजकूर संपतो तेथे मोर्तब. मोर्तब ही मजकुराची सीमा होय. तिच्याखाली कोणी एक ओळही वाढवली, तरी ती लबाडी तत्काळ उघडी पडे. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावरील ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरे हेच सांगतात की, येथे मर्यादा झाली. सहीनंतरची कोरी जागा धोक्याची असते, हे शहाणपण किती जुने आहे ते यावरून ध्यानात यावे.

४/
गावपातळीवरचा महत्त्वाचा दस्त म्हणजे महजर. वतनाचा तंटा असो वा शिवेचा, गोतसभा बसे, दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐके आणि निवाड्याच्या कागदावर सारे गोत साक्ष घाली. ज्यांना अक्षर येत नसे, ते आपल्या धंद्याची खूण काढीत. कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. ‘निशाणी नांगर’ हे शब्द जुन्या मराठी कागदांत पदोपदी भेटतात. अक्षरशून्य माणसालाही येथे कागदावर स्वतःचे स्थान होते.

५/
आता एक शंका येते. नांगराचे चित्र कोणीही काढू शकेल, मग त्या निशाणीला किंमत कशाची? किंमत चित्राला नव्हतीच. ती होती चार लोकांसमक्ष झालेल्या कृत्याला. निशाणी करणाऱ्याला मजकूर ऐकवलेला असे, भोवती पाटील-कुलकर्णी आणि बलुतेदार बसलेले असत, उद्या कोणी नाकबूल झाला तर अवघे गाव साक्षीला उभे राही. कागद हा त्या बैठकीचा स्मरणलेख होता. बैठकीविना नुसत्या कागदाला फारसा अर्थ नव्हता.

६/
कर्जव्यवहाराचेही तसेच. बारामतीचे बाबूजी नाईक हे बाजीराव पेशव्यांचे धनको आणि सोयरेही. पेशवा हा मोठा ऋणको, पण नाइकांना वसुलीसाठी आपले वजन आणि तगादाच वापरावा लागे. सामान्य सावकारही तगादा करी, धरणे धरी, पंचांत गाऱ्हाणे नेई. व्याजाला ‘दामदुपटी’ची मर्यादा होती. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, असा तो धर्मशास्त्रातून आलेला दंडक. सावकारी तेव्हाही कठोरच होती. परंतु नुसता रोखा दाखवून कुणब्याची जमीन लिलावात काढण्याचे यंत्र सावकाराच्या हाती नव्हते.

७/
ते यंत्र इंग्रजी अमलात उभे राहिले. त्याचा पाया शेजारच्या इंदापूर तालुक्यात घातला गेला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. १८३० च्या सुमारास प्रिंगल यांच्या पाहणीवर आधारलेला सारा तेथे लागू झाला. तो इतका जड ठरला की अनेकांनी जमिनी टाकल्या. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरातच नव्याने मोजणी करून तीस वर्षांचा बंदोबस्त बसवला. दख्खनच्या रयतवारी पद्धतीला तेथूनच पक्के रूप आले.

८/
रयतवारीचा सहीशी संबंध काय? पूर्वी सरकारशी मुख्यतः गाव बोले. आता प्रत्येक शेताला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला खातेदार आणि प्रत्येक खातेदारावर स्वतंत्र सारा. सारा रोखीने आणि हप्त्यावर भरायचा. पीक हाती येण्यापूर्वी रोकड हवी, म्हणजे सावकाराचे दार आले. जमीन व्यक्तीच्या नावे झाल्याने ती तारण ठेवता येऊ लागली. कुणबी एकटाच जबाबदार झाला आणि एकटाच कागदावर निशाणी करू लागला. भोवतीची बैठक उठून गेली होती.

९/
दिवाणी न्यायालयापुढे आता प्रश्न एवढाच असे : रोख्यावरील निशाणी या माणसाची आहे काय? असल्यास रोख्यातील रक्कम त्याने घेतली, असे सामान्यतः धरले जाई. पुष्कळ दाव्यांत प्रतिवादी हजरच होत नसे. तालुक्याचे गाव दूर, वकिलाला पैसा नाही, समन्स समजले नाही. मग एकतर्फी हुकूमनामा होई. ही पद्धत धनको आणि ऋणको या दोघांनाही अधोगतीला नेत आहे, असा इशारा खुद्द विंगेट यांनी १८५२ सालीच दिला होता.

१०/
त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा आला. साध्या, नोंदणी न झालेल्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावावा, असा नियम झाला. हेतू चांगला होता. व्याज वर्षानुवर्षे साचू नये. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि थकलेले व्याज नव्या रोख्याचे मुद्दल झाले.

११/
हिशेब करून पाहू. समजा १०० रुपये कर्ज, व्याज वर्षाला २४ रुपये. तीन वर्षांत व्याज ७२, म्हणून नवा रोखा १७२ चा. आणखी तीन वर्षांत त्यावर व्याज सुमारे १२४, म्हणून पुढचा रोखा जवळजवळ २९६ चा. सहा वर्षांत एक पैसाही नव्याने न घेता शंभराचे तिप्पट. दामदुपटीची ढालही निकामी झाली, कारण कागदावर हे व्याज राहिलेच नव्हते. जुना रोखा परत मिळाला नाही, तर त्याचीही भीती वेगळीच. प्रत्येक पायरीवर कुणब्याची निशाणी मात्र खरी होती.

१२/
१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचे भाव चढले आणि सावकाराने हात मोकळा सोडला. युद्ध संपताच भाव कोसळले, कर्ज आखडले. त्याच सुमारास इंदापुरातील तीस वर्षांची मुदत संपून साऱ्याची फेरआकारणी झाली आणि दख्खनच्या तालुक्यांत ती वाढत्या दराने पसरत गेली. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. पाच महिन्यांनी सुप्यात आग लागली.

१३/
पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी १६ मे १८७५ रोजी पाठविलेला वृत्तांत उपलब्ध आहे. सावकाराचे एक घर जाळलेले, सुमारे डझनभर घरे फोडून रिकामी केलेली, हिशेबाचे कागद, रोखे, धान्य आणि कापड रस्त्यात जाळलेले, राखेचे ढीग अजून तसेच. पन्नास जणांना अटक. नुकसानीचा अंदाज २५,००० रुपयांहून अधिक, सावकारांच्या म्हणण्याप्रमाणे एक लाखाच्या वर. पुढे हे लोण नगर जिल्ह्यात गेले, तीसहून अधिक गावांत पसरले आणि ९५१ लोक पकडले गेले.

१४/
चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या अहवालातील एक निरीक्षण मोलाचे आहे. दंगेखोरांचा हेतू जवळजवळ सर्वत्र कागद मिळवून नष्ट करण्याचा होता. सावकाराने ते मुकाट्याने दिले, तर बहुधा पुढे काही होत नसे. म्हणजे लोकांचा रोख नेमका होता. आपल्याला वाचता न येणारा, न्यायालयाला मात्र पुरेसा वाटणारा तो कागद त्यांना नको होता. अर्थात ज्यांची घरे लुटली गेली त्यांतील काही सावकार लहान दुकानदार होते, त्यांची हानीही खरीच होती.

१५/
अहवाल १८७६ मध्ये तयार झाला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत तो लागू होता. कर्जासाठी तुरुंग बंद झाला. न्यायाधीशाने रोख्यावर न थांबता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, मुद्दल आणि व्याज वेगळे काढावे, असे बंधन आले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी उच्च न्यायालयात जाण्यापूर्वी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत काम पाहिले.

१६/
सहीच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यातील ग्रामनोंदणीचा भाग सर्वांत लक्षणीय. जेथे ग्राम-निबंधक नेमला असेल, तेथे शेतकऱ्याने करून दिलेला दस्त त्या निबंधकाने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहिलेला आणि त्याने साक्षांकित केलेला असला पाहिजे. नसल्यास न्यायालयात तो पुरावा म्हणून घेतला जाणार नाही. दस्त पक्षकारांसमक्ष मोठ्याने वाचायचा. त्यानंतरच निबंधकासमोर सही अथवा निशाणी. करून देणाऱ्याला वाचता येत नसेल, तर आणखी दोन प्रतिष्ठित साक्षीदार.

१७/
शिवाय दस्तात मोबदला पूर्णपणे नमूद करायचा. जुन्या रोख्याच्या जागी नवा होत असेल, तर जुना रोखा निबंधकापुढे हजर करायचा. तीन वर्षांच्या फेरलेखनाची कळ नेमकी येथेच होती आणि बोट तेथेच ठेवले गेले. थोडक्यात, गोतसभेच्या बैठकीतून जे सहज घडे, ते आता कायद्याने घडवायचे ठरले. आधी वाचन, मग समज, मग साक्ष आणि सर्वांत शेवटी निशाणी.

१८/
व्यवहाराने यातूनही वाट काढली. कर्ज द्यायचे, पण लिहून घ्यायचे खरेदीखत. ‘पैसे फेडलेस की जमीन परत’ हे वचन तोंडी. कागदावर खरेदी, मनात गहाण. म्हणून पुढे या कायद्यात सुधारणा झाली आणि व्यवहाराचा खरा हेतू तोंडी पुराव्याने दाखविण्यास शेतकऱ्याला मुभा मिळाली. सावकारांनी हात आखडल्यामुळे गरजू शेतकऱ्याला कर्ज मिळणे अवघड झाले, ही टीकाही झाली आणि ती निराधार नव्हती.

१९/
याच काळात बंगालमध्ये निराळा प्रयोग चालू होता. १८५८ साली जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या हाताचा ठसा घेतला. पुढे हुगळी येथे निवृत्तिवेतन आणि दस्तनोंदणीसाठी बोटांचे ठसे वापरले गेले. कालांतराने नांगर, आरसा, मोगरी कागदावरून गेली आणि सर्वांसाठी एकच निशाणी आली, ती म्हणजे अंगठा. निरक्षराला ‘अंगठाबहाद्दर’ हे नावही मराठीत रुजले.

२०/
अंगठ्याने एक प्रश्न कायमचा सोडवला. हात कोणाचा, याबद्दल वाद उरला नाही. दुसरा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्या हाताला ठाऊक काय होते? रेषा माणूस ओळखतात, त्याची समज ओळखत नाहीत. सुप्यात जळालेल्या रोख्यांवर अंगठे असते, तरी तेथील गाऱ्हाणे तिळमात्र कमी झाले नसते.

२१/
आजचा कायदा काय म्हणतो? ज्याला नाव लिहिता येत नाही, त्याची खूण ही सहीच, असे १८९७ चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम सांगतो. सही मराठीत असली, वाचता येण्याजोगी नसली, तरी ती वैधच. मृत्युपत्रास किमान दोन साक्षीदार लागतात. स्थावराच्या दानपत्रालाही दोन साक्षीदार आणि नोंदणी हवी. दुय्यम निबंधक कार्यालयात आता छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतले जातात. १८७२ च्या पुरावा कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली, पण सही वादग्रस्त असेल तर ती ज्याची म्हणून सांगितली जाते त्याचीच असल्याचे सिद्ध करावे लागते, हे तत्त्व कायम आहे.

२२/
‘मला न वाचताच सही घेतली’ हा बचाव चालतो काय? साक्षर आणि व्यवहारी माणसासाठी तो फार दुबळा. निरक्षर व्यक्तीच्या बाबतीत मात्र मजकूर समजावून दिला होता काय, हे न्यायालये बारकाईने पाहतात. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने भेद स्पष्ट केला. दस्त कोणत्या प्रकारचा आहे याविषयीच फसवले असेल, म्हणजे कुलमुखत्यार म्हणून बक्षीसपत्रावर सही घेतली असेल, तर तो दस्त मुळातूनच शून्य. केवळ तपशिलाविषयी फसवले असेल, तर तो रद्द करून घ्यावा लागतो, आणि तेही मुदतीत.

२३/
खरेदीखताआड दडलेल्या कर्जाचा प्रश्नही संपलेला नाही. एखादा दस्त केवळ देखाव्यापुरता होता, तो अमलात आणण्याचा उभयतांचा हेतूच नव्हता, हे तोंडी पुराव्याने दाखवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये सांगितले. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ याच्या कलम १८ खाली, सावकारीच्या ओघात मागील १५ वर्षांत बळकावलेल्या जमिनीबाबत जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते. सुप्याच्या आगीपासून या कलमापर्यंत धागा अखंड आहे.

२४/
आजचा कोरा रोखा म्हणजे सही केलेला कोरा धनादेश. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमानुसार, कोऱ्या अथवा अर्धवट भरलेल्या मुद्रांकित वचनचिठ्ठीवर सही करून दिली, की घेणाऱ्याला ती भरण्याचा अधिकार सकृद्दर्शनी मिळतो. स्वेच्छेने दिलेल्या कोऱ्या धनादेशावरील रक्कम दुसऱ्याने भरली, तरी तो देण्यापोटीच दिला असे गृहीत धरले जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. उलट सिद्ध करण्याचे ओझे सही करणाऱ्यावर. पतसंस्थेत ‘नुसती जामीनदाराची सही’ म्हणून केलेली सहीही नुसती नसते. करारात वेगळे ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच.

२५/
म्हणून जुनी शिस्त आजही उपयोगाची. सहीपूर्वी मजकूर वाचावा किंवा हितसंबंध नसलेल्या माणसाकडून वाचवून घ्यावा. रिकाम्या जागा भराव्यात, न भरायच्या त्यांवर रेघ मारावी. प्रत्येक पानावर आणि प्रत्येक खाडाखोडीशेजारी सही करावी. तारीख स्वहस्ते घालावी. सही मजकुराला लागून असावी, मध्ये ओळ शिरेल इतकी जागा नसावी. निशाणी असेल तर ती कोणाची, हे शेजारी लिहून मजकूर वाचून दाखविल्याची नोंद साक्षीदारांसह करावी. प्रत मिळाल्याशिवाय उठू नये. कर्ज फिटले, की मूळ कागद परत घ्यावा.

२६/
आजच्या मराठी दस्तांत लिहून देणाराच्या तोंडी शेवटी एक वाक्य हमखास येते. सदरचा दस्त वाचून पाहिला, समजून घेतला, तो राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिला आहे. टंकलेखक ते सवयीने उतरवतो, सही करणारा बहुधा ते वाचत नाही. पण ते वाक्य म्हणजेच दस्ताचा प्राण. ते खरे असेल, तर खालची सही शब्दाच्या मूळ अर्थाने सही होते. ते खोटे असेल, तर खाली सुरेख अक्षर असो, नांगर असो वा अंगठा, सुप्याच्या रस्त्यावरील राखेचा प्रश्न तेथे अनुत्तरितच राहिलेला असतो.

(समाप्त)